जाकड आणलेल्या दोन जोड्या

आमच्या वस्तीत कोणाला रेडिओ, टेप किंवा स्पीकर घ्यायचा असला, की तो माणूस आधी दुकानात जात नसे. आमच्या घरी येत असे. रविवारी सकाळी पोह्यांवर तर्री पडायला आणि दारात कोणीतरी "आहेत का भाऊ?" म्हणायला एकच गाठ. आई मला म्हणे, "जाय वं, आणखी एक बशी काढ, कानवाल्याचं गिऱ्हाईक आलं." माझे बाबा हिंगण्याच्या एका कारखान्यात पत्र्याच्या प्रेसवर होते. सहा दिवस पहाटे कंपनीची बस, दुपारी डब्यातली ज्वारीची भाकर आणि दिवसभर ती प्रेस. सातव्या दिवशी मात्र ते उत्तर नागपुरातल्या आमच्या सगळ्या वस्तीचे कान होते. या कामाचे ते एक पैसा घेत नसत. चहा घेत, तोही दोनदा. हे मी कौतुकाने लिहिते आहे आणि पुढेही कौतुकानेच लिहिणार आहे. ज्यांना बापाची उणीदुणी वाचायची असतील, त्यांनी खुशाल दुसरं पुस्तक उघडावं.

आमचं घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत लोखंडी पलंग, भिंतीतल्या फळीवर टेपरेकॉर्डर, त्याच्यावर आईने भरलेला मोराचा रुमाल, आणि शेजारी बिस्किटांच्या डब्यात बाबांच्या कॅसेटी. मागच्या खोलीत स्टोव्ह. तो पेटला की घरात दुसरं काही ऐकू येत नसे, म्हणून बाबांची गाणी लागायच्या वेळी आई डुबुकवड्यांचं वाटण वाटत बसे आणि स्टोव्ह मागाहून पेटवी. आमच्याकडे जेवायला उशीर झाला तर तो गाण्यामुळे झालेला असे आणि त्याबद्दल कोणी कुरकुर करत नसे. मी तेव्हा दहावीत होते. थोरली नाही, धाकटी नाही, एकुलती एक. त्यामुळे बाबांच्या पिशवीबरोबर दुकानोदुकानी हिंडायला मीच. शेजारच्या बायका आईला म्हणत, "पोट्टीले कायले नेतात वो मशिनीच्या दुकानात?" आई म्हणे, "दुकानदार पोरीसमोर शिव्या देत नाही म्हून."

बाबांची पारख करण्याची रीत ठरलेली होती. पिशवीत त्यांनी स्वतः भरलेली एक कॅसेट असे. तिच्यात आधी रेडिओवरच्या बातम्या, एका बाईच्या आवाजात. मग आमच्या विहारातल्या महिला मंडळाचं एक गाणं, ढोलकी आणि झांजेसकट. आणि शेवटी काहीच नाही, नुसती कोरी फीत. बातम्या लावल्या की ते दुकानाबाहेर फुटपाथवर जाऊन उभे राहत. तिथून शब्द न् शब्द कळला, तर स्पीकर पुढच्या परीक्षेला बसणार. मग खोक्यावर बोटाच्या पेराने टकटक, टरबूज घेताना करतात तशी. मग मागच्या फळीवर तळहात ठेवून गाणं. फळी थरथरली तर आवाज लाकडातच खर्च होतो आहे, असं त्यांचं म्हणणं. दुकानदार आवाज वाढवायला गेला की ते त्याचा हात धरत. "जोरात सगळेच पहिलवान होतात गा. हळू लाव." कोरी फीत सर्वांत शेवटी. काही वाजत नसताना स्पीकर किती खसखस करतो, ते पाहायला.

स्वस्त वस्तूबद्दल त्यांचं एक मत होतं, ते मी आयुष्यभर वापरलं आहे, नुसत्या स्पीकरसाठी नाही. ते म्हणत, "महागाले सगळंच जमलं पाहिजे, त्यात त्याचा काय मोठेपणा? सस्त्यानं काय सोडलं अन् काय धरलं, ते पाहा लागते." कमी किमतीच्या वस्तूला काहीतरी सोडावंच लागतं, त्यात लाज नाही. चकचकीतपणा सोडला, धडधड सोडली आणि माणसाचा गळा धरला, तर ती वस्तू इमानदार. गळा सोडून चकचकीतपणा धरला, तर ती घरात आणू नये. माझ्या मुलाने, तो इथल्या मिहान उद्योगनगरीत नोकरीला आहे, परवा कमरेएवढ्या उभ्या स्पीकरांची एक स्वस्तातली जोडी मागवली. त्याआधी त्याने फोनवर पंधरा अनोळखी लोकांची मतं वाचली होती. जोडी आल्यावर मी खोक्यावर टकटक केली, तर सूनबाईला हसू आवरेना. मी म्हटलं, हसा. मग बातम्या लावायला सांगून अंगणात जाऊन उभी राहिले. जोडी चांगली निघाली. धडधड सोडली होती, गळा धरला होता. पंधरा लोकांनी तेच सांगितलं होतं म्हणे, पण मला आपलं अंगणातूनच कळलं.

तर त्या वर्षी विहारासाठी स्पीकर घ्यायचे ठरले. छतावर बांधलेला भोंगा होता, पण तो वस्तीला ऐकवायला. आत सतरंजीवर बसलेल्या म्हाताऱ्या बायांना प्रवचनाच्या कॅसेटमधलं एक वाक्य कळत नसे. महिला मंडळाच्या प्रमुख सुमनकाकू, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेल्या आणि आवाजाने मुख्याध्यापिका वाटणाऱ्या, एका रविवारी स्वतः आल्या. "भाऊ, बायांनी पापड लाटून पैसे जमवले हायेत. भोंगा नोको. बसल्या जागी आयकू आलं पाह्यजे. तुमीच पसंत करा, आमी डोळे मिटून घेतो." बाबांनी मान डोलावली. त्यांच्यावर एवढं मोठं काम आजवर कोणी टाकलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी पोहे परत मागून घेतले.

सीताबर्डीवरच्या एका दुकानात पापडांच्या पैशांत बसणाऱ्या उभ्या स्पीकरांच्या दोनच जोड्या होत्या, किमतीला सारख्याच. एक काळीभोर, चकाकणारी, जाळीतून तीन-तीन स्पीकर दिसत आणि त्यांच्याभोवती चांदीच्या कड्या. दुसरी तपकिरी, साध्या प्लायवूडची, इथल्याच कोण्या सुताराने केलेली, दोन-दोन स्पीकरांची. तिला शोभा म्हणून काही नव्हती. घरात आणली असती तर पाहुण्याने वर चहाचा कप ठेवला असता. दुकानदार काळीकडेच बोट दाखवत होता. "भाऊसाहब, इसको सुनो, झांज कैसी खुलती है!" बाबांनी बातम्या लावल्या, फुटपाथवर गेले, परत आले, गाणं लावलं. आणि काळी जोडी लावल्याबरोबर त्यांचा चेहरा असा काही उजळला की मी पाहतच राहिले. "हे पाय कुंदे, याच्यात झांज उघडी येते. त्या दुसऱ्यात पोटातच राहून जाते."

मला मात्र दुसरंच ऐकू येत होतं. काळ्या जोडीत गाणाऱ्या बाईचा प्रत्येक 'स' सुईसारखा टोचत होता आणि झांज म्हणजे फरशीवर स्टीलची ताटली पडावी तशी. तपकिरी जोडीत तीच बाई सतरंजीवर मांडी घालून बसली होती. दम घेताना ऐकू येत होती. झांज होती, पण तिच्या हातात होती. माझ्या कानात खुपसलेली नव्हती. मी बाबांकडे पाहिलं. थट्टा करत असतील असं वाटलं. ते थट्टा करत नव्हते. काळी जोडी बांधून द्या म्हणायच्या आत मी घाईघाईने म्हटलं, "बाबा, दोन्ही जाकड नेऊ ना. सुमनकाकूंनी आयकल्याशिवाय कसं?" जाकड म्हणजे माल आधी न्यायचा, पटला तर ठेवायचा, नाही तर परत. दुकानदाराने तोंड वाकडं केलं, पण बाबांच्या शब्दाला त्या दुकानातही वजन होतं. पुढच्या रविवारी दुपारी दोन्ही जोड्या सायकलरिक्षावर विहारात पोचवायचं ठरलं.

मधले सहा दिवस माझे फार वाईट गेले. कारण एकदा कळलं की आधीचं सगळंच कळू लागतं. आमच्या टेपरेकॉर्डरला वरच्या पट्टीचा आवाज कमी-जास्त करायचं एक बटण होतं. वर्षभर मी ते मध्यावर आणून ठेवत होते आणि संध्याकाळी पाहावं तर ते शेवटच्या टोकाला गेलेलं. मला वाटे, आई धूळ पुसताना फिरवते. कोऱ्या फितीची खसखस बाबांना पूर्वी खपत नसे, अलीकडे ते कोणत्याही स्पीकरला म्हणत, "वा, कसा शांत हाये!" तो शांत नसे. अगदी साध्या टेपवरही खसखस ऐकू येई, मला येई. शेवटी गुरुवारी, बाबा कारखान्यात असताना, मी आईला विचारलं. ती आंबाडीची पानं खुडत होती. हात थांबले नाहीत.

"मले दोन वर्षांपासून माहीत हाये," ती म्हणाली. "आधी बांगड्या वाजल्या का मान वर करत होते. आता मले बोलाचं असलं का समोर जाऊन उभं राहा लागते. त्या मशिनीनं खाल्ले वं त्यायचे कान."

"मग काहून नाही सांगितलं?"

"माणसाजवळ एकच तर ऐट हाये. ते मीच काढून घेऊ काय?"

मी रडले. आईने मला रडू दिलं आणि मग आंबाडीची जुडी माझ्यापुढे सरकवली. त्या काळात प्रेसवरचे लोक कानात कापसाचा बोळा घालत, तोही घामाने ओला झाला की काढून फेकत. तक्रार करायची असते हेच कोणाला ठाऊक नव्हतं. आज मी साठीला आले आहे आणि माझ्याही कानातले वरचे सूर एकेक करून निघून चालले आहेत, पण ते वयाने, हळूहळू, निरोप घेऊन. त्यांचे चाळिशीतच नेले गेले, आणि ज्या माणसाला गाण्याशिवाय दुसरं व्यसन नव्हतं त्याचे. मला अजून त्याचा राग येतो.

रविवारी दुपारी विहारात पंचवीसएक बाया जमल्या. समोर बुद्धमूर्ती, तिच्या दोन्ही बाजूंना दोन्ही जोड्या, मधे टेबलावर अ‍ॅम्प्लिफायर आणि टेप. बाबांनी पांढरा सदरा घातला होता. मी वायरी बदलायला बसले होते. मी बोलले तर बाबांचा कान साऱ्या वस्तीसमोर उघडा पडणार होता. गप्प बसले तर बायांच्या पापडांच्या पैशातून टोचणारे स्पीकर येणार होते, आणि महिन्या-दोन महिन्यांत त्याचं खापर बाबांच्याच नावावर फुटणार होतं. बातम्या झाल्या, गाणं झालं. काळी जोडी वाजत असताना पुढच्या रांगेतल्या एका आजींनी हळूच पदर कानावर ओढून घेतला. सुमनकाकूंच्या कपाळाला आठी पडली. पण गाणं थांबल्यावर कोणी काही बोललं नाही. बाबांपुढे कोण बोलणार?

"तर मग हे काळे," बाबा म्हणाले.

"बाबा, नाही," मी म्हटलं.

माझा आवाज मलाच मोठा वाटला. बाबा वळले. रागावले नव्हते. दुकानात एखादी फळी थरथरली की बघत, तसे माझ्याकडे बघत होते. "काय नाही?"

"टोचते, बाबा. प्रत्येक 'स' टोचते. झांज बी."

"कुठं टोचते? परत लाव."

मी परत लावलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. "मले तं नाही टोचत," ते म्हणाले. मग बायांकडे पाहिलं. बायांनी माना खाली घातल्या. त्या खाली गेलेल्या माना पाहून त्यांना काहीतरी उमगलं असावं. दुसरा कोणी असता तर त्याने तिथेच विषय मिटवला असता, पोरीला दटावलं असतं, किंवा तब्येतीचं काही कारण काढून घरी गेला असता. माझ्या बाबांनी परीक्षा मांडली. म्हणाले, "कुंदे, गाणं चालू ठेव. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. तू ते वरच्या आवाजाचं बटन फिरवत राय. कमी कर, जास्त कर, तुह्या मनानं. फिरलं का मी हात वर करतो."

ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. पांढऱ्या सदऱ्यावर पाठीला घामाचा एक डाग होता. गाणं चालू झालं. मी बटण या टोकाहून त्या टोकाला नेलं. सभागृहात सगळ्यांना कळलं. आवाज घोंगडीखाली गेल्यासारखा झाला. बाबांचा हात खालीच. मी बटण परत फिरवलं. झांज फाडकन उघडली, आजींनी पुन्हा पदर ओढला. हात खालीच. तिसऱ्यांदा फिरवलं. एक बाई तोंडात पदर कोंबून बसली होती. चौथ्यांदा मला फिरवता येईना. बाबा भिंतीशी तसेच, शाळेतल्या पोरासारखे ताठ, वाट पाहत उभे होते. मग म्हणाले,

"फिरव ना वं. काहून थांबली?"

मी उठले. त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले, आई राहते तशी. "बाबा, तीनदा फिरवलं."

ते माझ्याकडे बघत राहिले. आई दाराशी बसली होती. ती उठायला गेली आणि पुन्हा बसली. मग बाबांनी सदऱ्याच्या बाहीने कपाळ पुसलं, वळले आणि सगळ्या बायांना ऐकू जाईल असं म्हणाले, "म्हणजे झांजेचा नुसता ठोका येते, वरचा आवाज मले येतच नाही. असं हाये तं. बरं झालं, पैसे द्यायच्या आधी समजलं." आणि लगेच, जणू दुकानात पुढची परीक्षा घ्यायची आहे, असे खाली वाकून त्यांनी काळ्या स्पीकरची जाळी ओढून काढली. ती दुकानदाराने काढू दिली नव्हती. गाणं चालूच होतं. त्यांनी एकेका स्पीकरच्या कागदी पडद्याला बोटाचं टोक टेकवलं. खालचा हलत होता. वरचा थरथरत होता. मधल्यावर बोट ठेवून ते थांबले. मग दुसऱ्या खोक्याच्या मधल्यावर ठेवलं. आणि त्यांना हसू फुटलं, खरंखुरं, पोटातून.

"अवो सुमनबाई, हा मधला वाजतच नाही! नुसता बसवला हाये. बाशिंग बांधून बसवला हाये!"

सगळ्या बाया एकदम हसल्या. एवढा वेळ कोंडलेलं सगळं त्या हसण्यातून बाहेर पडलं. दोघी-तिघी हसता हसता डोळे पुसत होत्या. सुमनकाकूंनी मधल्या स्पीकरला स्वतः बोट लावून खात्री करून घेतली आणि दुकानदाराच्या सात पिढ्या उद्धरण्याचा विचार बोलून दाखवला.

मग तपकिरी जोडीची परीक्षा झाली आणि तशी परीक्षा मी पुन्हा पाहिली नाही. बाबा मागच्या फळीवर तळहात ठेवून बसले आणि मला प्रश्न विचारू लागले. बाई दम घेते ते येते काय? येते. झांज वाजली का लगेच मरते, का थोडी मागं राहते? राहते, बाबा, थोडी राहते. 'श' अन् 'स' वेगळे येतात? येतात. कोऱ्या फितीवर किती खसखस? थोडी, पावसात दूरवर भाजी फोडणीला पडावी एवढी. ढोलकीचं त्यांनी मला विचारलं नाही. ते म्हणाले, "ढोलकी मले येते. इथं येते, हातात. फळी चूप हाये. लाकूड इमानदार हाये." त्या सुताराला आम्ही कोणी कधी पाहिलं नाही. पण त्याने आत आडव्या पट्ट्या मारल्या होत्या, सांधे कसून बसवले होते आणि बाहेरून सजवायला हात राखला होता. नेमकं काय सोडायचं ते त्याला कळलं होतं. ती जोडी विहारात अठरा वर्षं वाजली, आणि माझ्या लग्नातली जयमंगल अष्टगाथाही तिच्यावरच ऐकू गेली, शेवटच्या रांगेपर्यंत.

घरी येताना बाबा सगळ्यांच्या पुढे चालत होते. आईने स्टोव्ह पेटवला, गाण्यासाठी थांबली नाही. मला वाटलं, मी माझ्या बापाचं एकमेव सुख पंचवीस बायांसमोर काढून घेतलं. मी जेवले नाही. सोमवारी पहाटे बस आली, ते गेले. मंगळवारी, बुधवारी टेपरेकॉर्डरवरचा मोराचा रुमाल हलला नाही. घरात इतकी शांतता मला सोसत नव्हती आणि माफी मागायला गेले की ते पेपर वाचू लागत. पेपर उलटा नव्हता एवढंच.

गुरुवारी बाबांची सुट्टी होती, कारखान्यात मशीन दुरुस्तीला काढलं होतं. मी शाळेतून चारला परतले तर पुढच्या खोलीत पलंगावर रेल्वेत नोकरीला असलेले एक शेजारी बसून होते, हातात बशी, चेहरा वाट पाहून कंटाळलेला. बाबा सदरा घालून, कॅसेटची पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीवर तयार. शेजाऱ्यांनी मला पाहिलं आणि हुश्श केलं.

"आली एकदाची! दोन वाजल्यापासून बसलो हावो वं मी. मले टेप घ्याचा हाये. तुह्या बाबाले म्हणतो, चला भाऊ, दुकान बंद होईन. तं म्हणतात, थांब गा थोडा. माहा कान शाळेत गेला हाये. चार वाजता येते."

बाबा उठले आणि त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली.